लुगडं कमरेवर असतं: डिजिटल बाईला हलती नऊवारी नेसवण्याची रीत

"आरं, लुगडं अंगावर नसतंय, कमरंवर असतंय." माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघून आत्ती एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. मी चार दिवस एका डिजिटल बाईला नऊवारी नेसवत होतो. कोल्हापूरच्या रंकाळ्याच्या काठावरून संध्याकाळच्या वाऱ्यात ती चालत जाते, एवढाच वीस सेकंदांचा प्रसंग होता. पण बाई चालायला लागली की पदर कोपरातून आरपार जायचा, निऱ्या पोटरीत अडकायच्या आणि सगळं कापड ओल्या रबरासारखं लोंबायचं. दर वेळी मी सॉफ्टवेअरमधला एखादा आकडा बदलून बघायचो. आत्तीचं ऐकल्यावर चूक कळली. कापड कुठे बांधलंय, कुठे खोचलंय आणि कुठे मोकळं सोडलंय, हे मी स्वतःशीच ठरवलेलं नव्हतं. ते ठरलं की निम्मं काम होतं आणि आकडे त्यानंतर येतात.

हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. सॉफ्टवेअर ब्लेंडर, कारण ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आकृती उघडणं, फिरवणं, मॉडिफायर लावणं एवढं तुम्हाला येतं असं धरून चाललो आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे, इरकली लुगडं. कुर्ता, धोतर, परकर, फेट्याचा शेमला, सगळ्यांना हीच रीत चालते.

आधी कापड हातात घ्या

वाकळीसाठी ठेवलेलं एखादं जुनं लुगडं घरात असेल तर तेच काढा. इरकलीचं एक वैशिष्ट्य आपल्या कामाला फार महत्त्वाचं आहे. तिचं अंग सुती असतं आणि पदर रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा. पदराचा ताणा वेगळा लावून अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, त्या जोडणीला टोप-तेनी म्हणतात. म्हणजे एकाच लुगड्यात दोन वेगवेगळ्या स्वभावांची कापडं आहेत. अंग जिथल्या तिथे बसतं आणि पदर निसटू बघतो. कॉम्प्युटरवर दोघांना एकच आकडे दिलेत तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

दोन मोजमापं घरीच करा. पहिलं वजनाचं. अंगाचा आणि पदराचा, दहा बाय दहा सेंटिमीटरचा एकेक तुकडा कापा. एवढासा तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर मोजता येत नाही. मी गुजरीत ओळखीच्या सराफाकडे गेलो, त्यांच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन दिसतं. तुकडा जितके ग्रॅम भरेल त्याला शंभराने गुणा, म्हणजे चौरस मीटरचं वजन मिळतं. इचलकरंजीचे यंत्रमागवाले ज्याला जीएसएम म्हणतात, तेच हे. तुकडा १.१ ग्रॅम भरला तर कापड ११० जीएसएमचं.

दुसरं मोजमाप वाकण्याचं, आणि हे मला फार आवडतं. पिअर्स नावाच्या इंग्रज संशोधकाने १९३० साली कापडाचा ताठपणा मोजायची एक साधी पद्धत मांडली, ती कापडाच्या प्रयोगशाळांत आजही वापरतात. पुठ्ठ्याचा एक काटकोन त्रिकोण कापा, आडवी बाजू १० सेंटिमीटर आणि उभी ८.८ सेंटिमीटर. त्याची तिरकी बाजू ४१.५ अंशांनी उतरते. त्रिकोणाचं वरचं टोक टेबलाच्या कडेला लागेल असा तो बाजूला उभा धरा. आता अडीच सेंटिमीटर रुंद आणि वीसेक सेंटिमीटर लांब कापडाची पट्टी टेबलावर ठेवून वर पट्टी-स्केल दाबा आणि दोन्ही मिळून हळूहळू कडेबाहेर सरकवा. कापड पुढे जाईल तसं खाली झुकेल. त्याचं टोक तिरक्या रेषेला टेकलं की थांबा आणि कडेबाहेर किती लांबी गेली ते मोजा. तिची निम्मी म्हणजे त्या कापडाची वाकण-लांबी. वजन सारखं असेल तर वाकण्याला होणारा विरोध या लांबीच्या घनावर जातो. लांबी दुप्पट झाली की विरोध आठपट होतो.

अंगाची पट्टी आणि पदराची पट्टी एकामागून एक सरकवून बघा. मग नव्या, खळ असलेल्या सुती कापडाची पट्टी घ्या आणि तेच कापड धुऊन पुन्हा करा. धुतलेलं कापड किती लवकर मान टाकतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वाकण्याचा आकडा वाढवायचा की कमी करायचा, हे कुणाला विचारावं लागत नाही.

शेवटी तुकडा दोन्ही हातांत धरून उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, मग आडव्या, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात. ताण्या-बाण्याच्या दिशेने कापड फारसं हलत नाही. तिरकं ओढलं की लगेच लांबतं. शिंपी उरेब पट्टी तिरकी कापतो ती याच गुणासाठी. पदराला खांद्यावरून जो सुंदर बाक येतो, तोही तिरक्या ताणामुळेच.

कॉम्प्युटर कापडाकडे कसा बघतो

कॉम्प्युटरसाठी कापड म्हणजे बिंदूंची जाळी, आणि शेजारच्या बिंदूंमध्ये स्प्रिंगा. सरळ स्प्रिंगा ताण धरतात, तिरक्या स्प्रिंगा कापड तिरपं होऊ देतात किंवा अडवतात, आणि तिसऱ्या प्रकारच्या वाकण्याला विरोध करतात. ब्लेंडरमध्ये टेन्शन, शिअर आणि बेंडिंग असे तीन आकडे दिसतात ते हेच. मघाशी हातांनी ओढून जे पाहिलंत तेच इथे आकड्यांत आहे. अशा स्प्रिंगा ताठ केल्या की गणित सहज फुटतं आणि कापड उडून जातं. १९९८ साली डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी मोठ्या कालखंडांच्या पायऱ्या घेऊनही गणित स्थिर ठेवणारी पद्धत मांडली. घरच्या मशीनवर आज कापड हलवता येतं त्यामागे त्या कामाचा मोठा वाटा आहे.

अंग तयार करणं

आकृतीसाठी ब्लेंडरमध्ये चालणारं मेकह्यूमनचं फुकट अ‍ॅड-ऑन पुरेसं आहे. चाल हवी असेल तर मिक्सामो या वेबसाइटवरून घेता येते. आकृती आणल्यावर सगळ्यात आधी एन दाबून तिची उंची बघा. बाई असेल तर १.५ ते १.६५ मीटर दिसायला हवी. बाहेरून आलेल्या फाइलीत आकृती कधी शंभरपट मोठी असते, कधी आर्मेचरचं, म्हणजे आतल्या हाडांच्या सांगाड्याचं, स्केल ०.०१ असतं. एकशेसाठ मीटरच्या बाईच्या अंगावर कापड अगदी सावकाश, पाण्यात बुडाल्यासारखं पडतं, कारण गुरुत्वाकर्षण मीटरमध्येच मोजलं जातं. कापडाच्या वस्तूचं स्केल तर १ असलंच पाहिजे. कंट्रोल आणि ए दाबून ते पक्कं करा.

कापड थेट सुंदर, बारीक आकृतीवर पाडू नका. तिची एक साधी प्रत करा. त्या प्रतीत बोटं वेगळी नकोत, पंजा मिटलेला ठेवा, नाक-कान सपाट चालतील. बाकी आर्मेचर तेच. या प्रतीला फिजिक्समधून कोलिजन, म्हणजे टक्कर, लावा आणि रेंडरमध्ये, म्हणजे अंतिम चित्रात, ती लपवा. प्रतीचे सगळे नॉर्मल, म्हणजे चौकोनांची तोंडं, बाहेरच्या बाजूला आहेत हेही तपासा, ते उलटे असतील तर कापड अंगाच्या आत ओढलं जातं.

काखेत आणि मांड्यांमध्ये अंगाचे दोन भाग एकमेकांत घुसतात. कापड त्या चिमट्यात सापडलं की कुठल्याही आकड्याने सुटत नाही. म्हणून चाल लावतानाच हात अंगापासून चार बोटं लांब ठेवा आणि मांड्यांची जाडी प्रतीत थोडी कमी करा. वर लुगडं असल्यामुळे ते दिसत नाही.

पहिला सराव: उपरणं

थेट नऊवारीला हात घालू नका. एक सपाट जाळी घ्या, दोन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, दर दोन सेंटिमीटरला एक बिंदू. आकृतीच्या दोन्ही खांद्यांवर, मानेच्या थोडं वर ती आडवी ठेवा. फिजिक्समधून क्लॉथ लावा, सुती प्रीसेट, म्हणजे तयार आकड्यांचा संच, निवडा आणि चालवा. उपरणं खांद्यावर पडेल आणि बहुधा घसरून खाली जाईल. आता कोलिजनमधलं फ्रिक्शन ५ वरून १५-२० पर्यंत वाढवा आणि पुन्हा बघा. इथे पिन नाही, शिवण नाही, फक्त घर्षण आहे. ते कापड किती धरतं आणि कुठे सोडतं, याचा अंदाज एका संध्याकाळीत येतो. मग आकृती चालवून बघा. उपरणं नीट राहिलं की पुढे जा.

नऊवारीचे तीन तुकडे

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. रुंदी १.१ मीटर धरली आणि दर सेंटिमीटरला एक बिंदू दिला तर नव्वद हजारांवर चौकोन होतात. दोन सेंटिमीटरला एक दिला तरी साडेबावीस हजार. अख्खं लुगडं खऱ्यासारखं गुंडाळून नेसवायचा प्रयत्न मी केला आहे. त्यात गाठ, ओचा, खोचणं, सगळं कॉम्प्युटरला करायला लावावं लागतं आणि थरांवर थर येऊन गणित कोलमडतं.

यावर उत्तर आपल्या बाजारातच आहे. महाद्वार रोडवर शिवलेली नऊवारी मिळते. ती उलटून आतून बघा. शिंप्याने हाच प्रश्न सोडवलेला असतो. पायांचा भाग वेगळा, निऱ्या शिवून बसवलेल्या, पदर तेवढा मोकळा. आपणही अगदी तसंच करायचं.

पहिला तुकडा कमरेखालचा. आकृतीच्या कमरेपासून पोटरीपर्यंतचे चौकोन निवडा, त्यांची प्रत काढून वेगळी करा आणि ऑल्ट व एस दाबून बाहेरच्या बाजूला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर फुगवा. जाळी नव्याने सरळ चौकोनांची करून घ्या. आकृतीच्या तोंडावळ्यासाठी केलेली जाळी कापडाला चालत नाही, कारण चौकोन लहान-मोठे असले की सुरकुत्या मोठ्या चौकोनांवर अडतात. काष्ट्याची पट्टी वेगळी काढा. पुढच्या निऱ्यांच्या मधून पायांखालून मागे कमरेपर्यंत ती जाते. मागे जो फुगा येतो तो पट्टी थोडी लांब ठेवली की आपोआप येतो.

दुसरा तुकडा निऱ्यांचा. आत्ती निऱ्या घालताना बोटांकडे बघत नाही, पण निरी चार बोटांच्या खाली-वर होत नाही. तेच माप धरा, सात-आठ सेंटिमीटर. सपाट जाळीला पंख्यासारख्या घड्या द्या, पाच ते सात पुरेत. इथे एक गोष्ट फार जपा. सुरुवातीला दोन घड्यांच्या मध्ये किमान सेंटिमीटरभर मोकळी जागा हवी. घड्या पहिल्याच फ्रेमला एकमेकांत शिरलेल्या असतील तर त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. घड्या उघड्या ठेवा, पडताना त्या स्वतःच मिटतील.

तिसरा पदर. १.१ मीटर रुंद आणि दोन मीटर लांब सपाट जाळी, पण बाकीच्या भागांपेक्षा दाट, दर सेंटिमीटरला बिंदू. लोकांचे डोळे पदरावरच असतात, म्हणून मशीनची ताकद तिथे खर्च करा. उजव्या कमरेपासून छातीवरून डाव्या खांद्यावर तो घ्या आणि खांद्यावर चार-पाच घड्यांत गोळा करा.

तिन्ही तुकड्यांच्या कडा कमरेला एकमेकांखाली जातात. वर कमरपट्टा आला की जोड झाकला जातो. खणाची चोळी अंगाला घट्ट असते, तिचं सिम्युलेशन, म्हणजे कापडाचं गणित, करायचं नाही. तिला अंगाचे वेट्स द्या, म्हणजे ती अंगाबरोबरच हलेल, आणि सोडून द्या.

कुठे धरायचं

आत्तीने सांगितलेलं आता उपयोगी पडतं. प्रत्येक तुकड्यावर एक व्हर्टेक्स ग्रुप, म्हणजे बिंदूंचा गट, करा आणि तो क्लॉथच्या शेप भागात पिन ग्रुप म्हणून निवडा. वेट १ म्हणजे तिथे कापड पूर्ण बांधलेलं, ० म्हणजे पूर्ण मोकळं.

कमरेच्या घेराला १. काष्टा मागे जिथे खोचला तिथे १. निऱ्यांच्या वरच्या दोन बोटांना १. पायांच्या मध्ये काष्ट्याच्या पट्टीला ०.५ च्या आसपास, म्हणजे ती थोडी हलते पण पायांत येत नाही. पदराला दोनच जागा: कमरेशी खोचलेली कड आणि खांद्यावर पिन लावतात तेवढी चार बोटं. बाकी सगळं ०. मात्र १ वरून ० वर एकदम उडी नको, तिथे कापडावर कडक रेघ उठते. मध्ये तीन-चार बोटांचा उतार रंगवा.

मांडीला, पोटरीला, छातीला पिन लावायचा मोह होतो. तो आवरा. तिथे कापड अंगावर नुसतं टेकलेलं असतं आणि टेकण्याचं काम कोलिजन करतं. मी चार दिवस हीच चूक करत होतो.

पिन केलेल्या बिंदूंनी आकृतीबरोबर चालायला हवं असेल तर मॉडिफायरचा क्रम असा लागतो: वर आर्मेचर, त्याखाली क्लॉथ, त्याखाली जाडीसाठी सॉलिडिफाय, शेवटी गुळगुळीतपणासाठी सबडिव्हिजन. आर्मेचर क्लॉथच्या खाली राहिलं तर कापड दोनदा हलतं आणि आकृतीपासून सुटून बाजूला उडतं. जाडी क्लॉथच्या आधी दिली तर दोन थरांचं गणित उगाच करावं लागतं.

आकडे

अंगाच्या तुकड्यांना सुती प्रीसेट द्या: व्हर्टेक्स मास ०.३, टेन्शन १५, बेंडिंग ०.५. पदराला रेशमी: मास ०.१५, टेन्शन ५, बेंडिंग ०.०५. दोघांच्या वाकण्यात दहापट फरक आहे. आपल्या पट्ट्यांच्या प्रयोगात फरक कमी दिसला असेल तर पदराचा बेंडिंग ०.१ किंवा ०.२ करा. मी तो थोडा वाढवतोच, कारण काठ आणि जोडणीमुळे इरकलीचा पदर कोऱ्या रेशमापेक्षा जड पडतो.

वजनाचे आकडे शब्दशः घेऊ नका. व्हर्टेक्स मास हा एकेका बिंदूचा असतो. साडेबावीस हजार बिंदूंचं लुगडं ०.३ किलोने मोजलं तर जवळजवळ पावणेसात टन होईल. महत्त्व आहे ते वजन, ताठपणा आणि हवेचा विरोध यांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणाला. सराफाच्या काट्यावर अंग आणि पदर यांचं जे प्रमाण निघालं ते इथे ठेवा. आणि जाळी दाट केली की कापडाचा स्वभाव बदलतो, हेही लक्षात असू द्या. विरळ जाळीवर जुळवलेले आकडे दाट जाळीवर पुन्हा जुळवावे लागतात. म्हणून शेवटी जेवढी घनता हवी तिच्या जवळपासच चाचण्या करा.

अंगापासूनच्या अंतराकडे वळू. कोलिजनमध्ये आउटर थिकनेस ०.०२ असतो, म्हणजे दोन सेंटिमीटर. एवढ्या अंतरावर कापड अंगावर तरंगताना दिसतं. तो ०.००३ ते ०.००५ पर्यंत आणा. कापडाच्या बाजूचं अंतरही ०.०१५ वरून तेवढंच करा. सेल्फ कोलिजन निऱ्यांना आणि पदराला हवंच, पण त्याचं अंतर बिंदूंमधल्या अंतरापेक्षा कमी पाहिजे. पदराची जाळी एक सेंटिमीटरची आणि सेल्फ कोलिजन दीड सेंटिमीटरचं राहिलं, तर प्रत्येक बिंदू शेजाऱ्याला ढकलत राहतो आणि कापड उकळत्या दुधासारखं उसळतं. तिथे ०.००४ ते ०.००६ द्या.

क्वालिटी स्टेप्स, म्हणजे एका फ्रेमचं गणित किती पायऱ्यांत करायचं, ते हालचालीच्या वेगावरून काढा. समजा बाई लेझीम खेळते आणि हात सेकंदाला ३ मीटर वेगाने जातो. २५ फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेममध्ये हात १२ सेंटिमीटर सरकला. क्वालिटी ५ असेल तर प्रत्येक पायरीला हात जवळजवळ अडीच सेंटिमीटर उडी मारतो. मनगट एवढ्या उडीत कापडाच्या या बाजूने त्या बाजूला निघून जातं आणि कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही. क्वालिटी १२ केली की उडी एक सेंटिमीटरची होते. माझा पदर कोपरातून जायचा तो याच कारणाने. साध्या चालीला ८-१० पुरतात, लेझमीला १२-१५. कोलिजन क्वालिटी २ वरून ४ करा.

थर आतून बाहेर सोडवा. आधी कमरेखालचा तुकडा आणि काष्टा, मग त्यांनाही कोलिजन लावून निऱ्या, मग पदर. प्रत्येक तुकड्याला फक्त त्याच्या आतल्या वस्तूंचं कलेक्शन कोलिजनसाठी द्या. उगाच सगळ्यांशी टक्कर तपासत बसला तर वेळ दुपटीने जातो.

पहिले पन्नास फ्रेम फुकट नाहीत

आकृती जाळी करताना हात पसरून उभी असते आणि चालीचा पहिला फ्रेम वेगळाच असतो. थेट तिथून सुरुवात केली तर पहिल्या फ्रेमला हात झपकन खाली येतो आणि कापड फाटल्यासारखं होतं. खरी हालचाल ५१व्या फ्रेमपासून सुरू करा. १ ते २५ मध्ये आकृती हात पसरून स्थिर उभी, कापड तेवढ्यात खाली बसतं, घड्या मिटतात. २६ ते ५० मध्ये ती सावकाश चालीच्या पहिल्या स्थितीत येते. रेंडर ५१ पासून. कॅशचा, म्हणजे साठवलेल्या हालचालीचा, शेवट वाढवायला विसरू नका, तो २५० वर असतो आणि पुढे कापड गोठतं.

बेक करण्याआधी, म्हणजे हालचाल मोजून साठवण्याआधी, फाइल सेव्ह करा आणि डिस्क कॅश चालू करा. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि सहा तासांचं बेकिंग गेलं, तेव्हापासून मी एकेक तुकडा वेगळा बेक करतो आणि झालेला अलेंबिक या प्रकारच्या फाइलीत काढून ठेवतो. अलेंबिक फाइल मोठी होते, पण तिच्यात पुन्हा काही हलत नाही. दुसऱ्या मशीनवर नेली तरी सुरकुती तीच राहते.

वारा

रंकाळ्यावर संध्याकाळी अर्धा तास बसून बायकांचे पदर बघा, मोबाइलवर चित्रण न करता, नुसतं बघा. वारा एकसारखा नसतो. एक झुळूक येते, पदर उचलला जातो, मग दोन-तीन सेकंद तो आपल्या वजनाने परत येतो. नवखे लोक विंड फोर्स लावून एकच आकडा ठेवतात, त्याने पदर झेंड्यासारखा सतत फडफडतो. विंडच्या स्ट्रेंग्थला कीफ्रेम द्या, म्हणजे जोर फ्रेमनुसार बदलेल, झुळूक चढताना पटकन आणि उतरताना सावकाश. मधल्या वेळेत थोडासा वारा राहू द्या. नॉइज थोडा ठेवा म्हणजे दोन झुळका सारख्या दिसत नाहीत. आकडा अगदी लहान घेऊन सुरुवात करा आणि पदराचं टोक उचललं जाईपर्यंत वाढवा. निऱ्यांना वारा दिसेल एवढाच, कारण खऱ्या निऱ्या जड असतात.

बिघडलं तर

कापड रबरासारखं लांबत असेल तर आधी क्वालिटी वाढवा, त्यानंतर टेन्शन. बेंडिंग वाढवून हे जात नाही, उलट कापड पुठ्ठ्यासारखं होतं. स्थिर उभ्या आकृतीवरही कापड थरथरत असेल तर सेल्फ कोलिजनचं अंतर आणि काखेतला चिमटा बघा. जागा एकच असेल तर ती चिमट्याचीच असते. कापड पहिल्याच फ्रेमला उडून गेलं तर ते अंगात किंवा स्वतःत शिरलेलं आहे. काष्टा सैल पडत असेल तर श्रिंकिंग फॅक्टर ०.०३ किंवा ०.०५ द्या, अंगाला बसतो. एखाद्या फ्रेमला कापडातून गुडघा डोकावला म्हणून अख्खं सिम्युलेशन पुन्हा करू नका. बेक केलेल्या अलेंबिकवर तेवढ्या फ्रेमपुरता लॅटिस, म्हणजे आकार ओढायचा पिंजरा, लावून कापड बाहेर ओढा, किंवा त्या जागची खालची त्वचा मास्कने लपवा.

ज्यांना शिंप्यासारखं पॅटर्न कापून काम करायला आवडतं त्यांनी मार्व्हलस डिझायनर हे सॉफ्टवेअर बघावं. ते पैसे मोजून घ्यावं लागतं. कुर्ता, अंगरखा, बाराबंदी अशा शिवलेल्या कपड्यांना ते ब्लेंडरपेक्षा सरस आहे. तिथे पार्टिकल डिस्टन्स, म्हणजे बिंदूंमधलं अंतर, २० वर ठेवून काम करा आणि शेवटी ५ ते ८ वर आणा. डॅझ स्टुडिओ वापरणाऱ्यांसाठी २०१७ पासून त्यातच कापड हलवायला डीफोर्स आहे. स्थिर चित्राला ते छान चालतं. नेसायच्या, खोचायच्या कापडासाठी मात्र मी ब्लेंडरवरच राहिलो, कारण पिनचं वेट हाताने रंगवता येतं.

काठ आणि आत्तीचा दुसरा प्रश्न

काठाचं टेक्स्चर लावताना जाळी सपाट असतानाच यूव्ही, म्हणजे टेक्स्चर चिकटवायचा सपाट नकाशा, पसरून ठेवा. घड्या घातल्यावर यूव्ही काढलात तर काठ लाटांसारखा वाकडा येतो. उभा धागा यूव्हीमध्ये उभाच राहिला पाहिजे, मग पदराचे पांढरे-लाल पट्टे कापडाबरोबर बरोबर वाकतात आणि हे विणलेलं आहे असं वाटतं. सॉलिडिफाय एक मिलिमीटरच्या आत ठेवा. पदराच्या कडेवर प्रकाश मागून टाका, कापडातून तो थोडा आरपार दिसायला हवा.

तयार झालेला प्रसंग आत्तीला दाखवला. तिने तो तीनदा बघितला. निऱ्या पसंत पडल्या. मग म्हणाली, "वारं एवढं सुटलंय, तर ही बाई पदर धरंना का?"

तिचं बरोबर होतं. वाऱ्यात पदर उडाला की बाईचा हात आपोआप जातो. हे करायला पदराच्या काठाचे हातात येतील तेवढे बिंदू निवडून त्यांना हूक लावा, हूक मुठीच्या हाडाला जोडा, मॉडिफायरमध्ये तो क्लॉथच्या वर ठेवा आणि ते बिंदू पिन ग्रुपमध्ये १ करा. अडचण एवढीच की मग पदर सुरुवातीपासून मुठीत राहतो आणि आपल्याला तो आधी मोकळा हवा असतो. म्हणून प्रसंग दोन शॉटमध्ये तोडा. पहिल्यात पदर उडतो आणि हात उचलला जातो, तिथेच कट. दुसरा शॉट जवळून घ्या. त्याचे पहिले पन्नास फ्रेम नेहमीसारखे बसण्यासाठी द्या, हूक त्याच वेळात काठाला मुठीपर्यंत आणतो, आणि ५१व्या फ्रेमला दिसतो तो धरलेला पदर, बोटांच्या खाली दाबलेल्या दोन घड्या आणि मुठीपलीकडे फडफडणारं वीतभर टोक.